पोटगीसाठी पगारावर जप्ती: दरमहा नेमके किती कापायचे?

हिशेबनीस, कुंडई

कुंडई औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कारखान्यात मी पगारपत्रक तयार करते. आमच्या भांडार पर्यवेक्षकांच्या पगारावर गेल्या आठवड्यात दिवाणी न्यायालयाचा जप्तीचा हुकूम आला. पत्नी व मुलाच्या पोटगीचे दरमहा 9,000 रुपये आणि थकबाकीपोटी 3,000 रुपये कापून न्यायालयात भरावेत, असे त्यात म्हटले आहे. पाठोपाठ एका पतसंस्थेचे पत्र आले की थकलेल्या कर्जाचा हप्ताही त्यांच्याच पगारातून कापून पाठवावा. त्यांचा पगार 31,000 रुपये आहे. काल ते मोबाइलवर हिशेब मांडूनच माझ्या टेबलापाशी आले. बँकेचा गृहकर्जाचा हप्ता जाऊन हातात 18,000 पडतात, तेव्हा त्याच्या एक तृतीयांशाहून, म्हणजे 6,000 हून, जास्त कापता येत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. कोणाचे ऐकावे?

निवृत्त नाझर (न्यायालयाच्या जप्ती-वसुलीचे काम पाहणारा अधिकारी), डिचोली

हुकमाचे ऐकावे. त्या गृहस्थांनी एक तृतीयांश हा आकडा कुठूनतरी ऐकला आहे खरा, पण तो चुकीच्या कप्प्यातला आहे.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 मध्ये दोन वेगळे हिशेब आहेत. साध्या कर्जाच्या हुकूमनाम्यात, म्हणजे दाव्याच्या लेखी निवाड्यात, पगाराचे पहिले 1,000 रुपये आणि उरलेल्याचा दोन तृतीयांश भाग जप्तीपासून मुक्त असतो, म्हणजे 31,000 पैकी फार तर 10,000 जप्त होऊ शकतात. पोटगीच्या हुकूमनाम्यात मात्र गणित उलटते. तेथे पगाराचा एक तृतीयांश भागच सुरक्षित राहतो आणि 20,666 रुपयांपर्यंत हात जाऊ शकतो. अर्थात ही कमाल मर्यादा झाली. कापायचे तेवढेच, जेवढे हुकमात लिहिले आहे. तुमचे 12,000 या मर्यादेत सहज बसतात.

दुसरी गोष्ट, पगार म्हणजे हातात पडणारी रक्कम नव्हे. भविष्य निर्वाह निधीच्या सक्तीच्या वर्गणीला कायद्याने संरक्षण आहे, परंतु स्वतःहून घेतलेल्या कर्जाचे हप्ते वजा करून पाया लहान करता येत नाही. तसे चालले असते तर दरखास्तीची, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीच्या अर्जाची, नोटीस मिळताच प्रत्येक ऋणकोने नवी गाडी काढली असती. (असे करू पाहणारे माझ्या नोकरीत कमी भेटले नाहीत.)

साध्या कर्जासाठीची जप्ती सलग किंवा मध्ये खंड पडून एकूण 24 महिने झाली की त्याच हुकूमनाम्यासाठी तो पगार कायमचा सुटतो. ही सवलत पोटगीला नाही.

आता पतसंस्थेचे पत्र. ते पत्रच आहे, न्यायालयाचा हुकूम नव्हे. कर्ज घेताना सभासदाने पगारातून कपातीचे संमतीपत्र दिले असेल तर तो सहकार कायद्याचा विषय होतो, म्हणून त्याची प्रत मागवा. उद्या त्यांनी हुकूमनामा मिळवून जप्ती आणली, तरी पगाराचा जप्तीयोग्य भाग आधीच्या हुकमापोटी न्यायालयात जात असेल, तर नियमाप्रमाणे तो नवा हुकूम चालू जप्तीच्या पूर्ण तपशिलासह परत पाठवायचा असतो. दाबून ठेवायचा नसतो.

वकील, मडगाव

नाझरसाहेबांच्या उत्तराला एक पुस्ती जोडतो. खाजगी नोकरांच्या पगारजप्तीचा नियम दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 21 मधला 48 क आहे आणि त्याप्रमाणे हुकूम मिळूनही मालकाने पूर्ण पगार नोकराच्या हाती दिला, तर ती रक्कम मालकाकडून वसूल होऊ शकते. त्यामुळे कामगाराची दया आली तरी ती या खात्यातून दाखवू नका. रक्कम कमी करून हवी असेल तर त्यांनी स्वतः न्यायालयात अर्ज करावा.

पोटगी मागणाऱ्या भगिनींसाठीही लिहितो. कौटुंबिक हिंसाचार कायदा, 2005 च्या कलम 20 खाली न्यायदंडाधिकारी थेट मालकाला पगाराचा काही भाग पत्नीला देण्याचा किंवा न्यायालयात भरण्याचा आदेश देऊ शकतात. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 ची पोटगी 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 मध्ये आली आहे. विवाह आणि मालमत्तेसाठी गोव्यात आपला वेगळा नागरी कायदा असला, तरी हे कलम सर्व धर्मीयांना सारखेच लागू आहे. मात्र त्याखालील थकबाकीच्या वॉरंटसाठी रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, आणि गोव्यात अनेकींचे येथेच नुकसान होते: नवरा परदेशी बोटीवर नोकरीला असतो, सुट्टीवर आला की बघू म्हणून त्या थांबतात, आणि तोवर वर्ष उलटते. परदेशी कंपनीच्या पगारापर्यंत आपल्या न्यायालयाचा हात पोचणे कठीण असते, म्हणून अशा वेळी त्याच्या येथील बँक खात्यावर जप्ती मागण्याचा विचार करावा.

हिशेबनीस, कुंडई

दोघांचेही आभार. पतसंस्थेला संमतीपत्राच्या प्रतीसाठी आज पत्र पाठवले. पर्यवेक्षकांना हुकमाची प्रत दाखवून 20,666 चा हिशेब कागदावर मांडून दिला. ते बराच वेळ त्याकडे पाहत राहिले आणि मग, न्यायालयात अर्ज कोणत्या खिडकीवर द्यायचा, एवढेच त्यांनी विचारले. या महिन्याच्या पगारपत्रकात 12,000 रुपये जप्तीच्या स्वतंत्र रकान्यात दाखवले आहेत. देव बरे करो.