आईला आमवात, माझा आरए फॅक्टर पॉझिटिव्ह. पुढे काय?

डिचोलीकरीण
आमच्या आईला आमवात (रुमेटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजेच आरए) आहे. बोटं वाकली, विळीवर बसून नारळ खोवणं तिने कधीच सोडलं. मी एकेचाळीस वर्षांची. ऑफिसमध्ये आरोग्य तपासणीचं पॅकेज होतं, त्यात न मागता आरए फॅक्टर ही रक्तचाचणीही केली. आला ३४, कागदावर मर्यादा २० पर्यंत. ठळक अक्षरांत ‘पॉझिटिव्ह’! मला सूज नाही. दिवसभर कीबोर्ड बडवला की संध्याकाळी मनगट दुखतं, एवढंच. शेजारीण म्हणते उडीद, वांगं, चिंच आजपासून बंद. नवरा म्हणतो दुसऱ्या लॅबमध्ये परत करून बघ. आईसारखंच होणार, असं ठरलंच का?

फोंड्याचा_लॅबवाला
ताई, मी निवृत्त लॅब टेक्निशियन. असले कागद आयुष्यभर छापले, म्हणून लिहितो. निदान मात्र डॉक्टरच करतील.

आरए फॅक्टर म्हणजे आपल्याच प्रतिपिंडांविरुद्ध (अँटिबॉडींविरुद्ध) शरीराने बनवलेलं प्रतिपिंड. नॉर्वेच्या वालर यांनी १९४० मध्ये ते पहिल्यांदा नोंदवलं, म्हणजे चाचणी जुनीच आहे. नाव आमवाताचं असलं तरी ते हिपॅटायटिस सी, क्षय, डोळे-तोंड कोरडं पडणारा शोग्रेन, हृदयाच्या झडपेचा जंतुसंसर्ग यांतही सापडतं. धडधाकट माणसातही सापडतं, वय वाढेल तसं जास्त. उलट आमवात असलेल्या बऱ्याच जणांत ते नसतंच. म्हणून सांधा न बघता ही चाचणी पॅकेजात कोंबणं मला कधीच पटलं नाही. पॅकेज जाडजूड दिसतं, बाकी काय!

दुसऱ्या लॅबमध्ये २२ आला काय नि ४० आला काय, पद्धत आणि मर्यादा लॅबगणिक बदलतात. त्यापेक्षा डॉक्टरांना अँटी-सीसीपी या दुसऱ्या रक्तचाचणीबद्दल विचारा. ती जास्त नेमकी आहे. ती पॉझिटिव्ह असेल, तर आमवाताची शक्यता खरोखर वाढते.

आमवात ठरवण्याच्या २०१० च्या निकषांत एकूण १० गुण असतात, ६ झाले की आमवात म्हणतात. मर्यादेच्या तिपटीपर्यंतचा आरए फॅक्टर २ गुण देतो, तिपटीच्या वर ३. पण निदान एक तरी सांधा खरोखर सुजलेला असल्याशिवाय ही मोजणी सुरूच होत नाही. तुमची सूज शून्य.

म्हापसेंची_सून
बाय, उडीद-वांग्याचं सोड. मला सात वर्षं आमवात आहे, दोन्ही खाते. मला सांधेवाताच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत विचारलं ते सिगारेट-बिडीचं आणि हिरड्यांचं. हिरड्यांतून रक्त येत असेल तर आधी दातांच्या डॉक्टरांकडे जा.

डिचोलीकरीण
हिरड्या? ब्रश करताना रक्त येतं खरं. त्याचा सांध्यांशी काय संबंध? आणि बाबा खाणीवर होते, घरभर तांबडी धूळ असायची. तीही मोजायची का?

फोंड्याचा_लॅबवाला
म्हापसेंच्या सूनबाईंनी बरोबर नस पकडली. हिरड्यांच्या रोगातला एक जंतू प्रथिनांची रचना बदलतो, सिगारेटच्या धुराने फुप्फुसांतही तसंच होतं. ही बदललेली प्रथिनं शरीराला परकी वाटतात आणि त्यांच्याविरुद्ध जी प्रतिपिंडं तयार होतात, तीच अँटी-सीसीपीत मोजतात. सगळ्यांना असं होत नाही. काही जनुकं वारशाने आलेली असली की धोका वाढतो, म्हणून आईचा आजार डॉक्टरांना सांगायचाच. पण आमवात असलेल्या आईच्याही बहुतेक मुलींना तो होत नाही.

धुळीचं विचारलंत ते महत्त्वाचं. दगडाच्या धुळीतल्या सिलिकाने आमवाताचा धोका वाढतो, सिगारेट सोबत असेल तर आणखी. वेल्समधल्या कोळसा खाणकामगारांच्या फुप्फुसांतल्या गाठी आणि आमवात यांची सांगड कॅप्लन यांनी १९५३ मध्येच घातली होती. हे मुख्यतः वर्षानुवर्षं धुळीत काम करणाऱ्यांबद्दल आहे. कपड्यांवरून घरात आलेल्या धुळीबद्दल मी काही ठामपणे म्हणणार नाही. बाबांना मात्र दम लागत असेल, तर छातीचा एक्स-रे काढून घ्या.

डिचोलीकरीण
बाबांना दाखवते. मुलगी सतरा वर्षांची आहे, तिचीही चाचणी करू का?

फोंड्याचा_लॅबवाला
तक्रार नसेल तर नको. स्वीडन आणि नेदरलँड्समध्ये रक्तदात्यांचं साठवलेलं रक्त तपासलं, तेव्हा काहींच्या रक्तात ही प्रतिपिंडं आजाराच्या कित्येक वर्षं आधीपासून होती. पण प्रतिपिंडं असलेल्या प्रत्येकाला आजार होतो असं नाही, आणि आज त्या पोरीच्या हातात तो कागद देऊन करणार काय?

तुम्ही सकाळकडे लक्ष ठेवा. उठल्यावर बोटं अर्धा-पाऊण तास आखडलेली राहिली, बोटांच्या मुळाशी सूज आली, हात मिळवताना कळ आली, तर थांबू नका. गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) किंवा जवळच्या सांधेवाताच्या डॉक्टरांकडे जा. औषध लवकर सुरू झालं तर सांधे वाचतात. तुमच्या आईच्या वेळी हे सगळं इतक्या लवकर होत नव्हतं.

म्हापसेंची_सून
आणि चिकुनगुन्या झाला होता का, तेही डॉक्टरांना सांग. माझ्या जावेचे सांधे त्यानेच महिनोन्‌महिने धरले होते, सगळे आमवातच समजत होते.