प्रतिसाद: एकनळी बंदूक सिनेमात का दिसत नाही?

वर कोणीतरी विचारलंय की एकनळी शॉटगन सिनेमात का दिसत नाही, अहो कारण साधं आहे, एक बार झाला की हिरोने खटका दाबायचा, नळी मोडायची म्हणजे बिजागरीवर खाली वाकवायची, काडतूस काढून नवं घालायचं, परत नळी मिटून घोडा चढवायचा, तोवर व्हिलन गावाबाहेर! म्हणून पडद्यावर पंपवाली (नळीखालची मूठ मागे-पुढे ओढली की पुढचं काडतूस चढतं) खटॅक-खटॅक किंवा दुनळी. पण अमेरिकेत शेतकऱ्याच्या घरी एकनळीच असायची, स्वस्त आणि दणकट. विंचेस्टर कंपनीची एकनळी मॉडेल ३७ बघा, १९३६ ते १९६३, दहा लाखांवर बनल्या, नळी मोडली की रिकामं काडतूस आपोआप बाहेर. आपल्या कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर रानडुकरांसाठी ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू नि छर्रे ठासायची बंदूक, तिला तर दारू भरण्यातच वेळ.