आधाराशिवाय दिसणारी फळी: एक भर

भिंतीवर बसवायच्या, खाली आधार न दिसणाऱ्या फळीसाठी १८ मिमीची एकच प्लाय पुरेल का, असं या चर्चेत विचारलंय. तीन फूट लांबीच्या फळीवर पुस्तकं रचली की ती पोट काढते, म्हणजे मधे खाली वाकते. त्यापेक्षा पोकळ खोका करा: आत सागाच्या पट्ट्यांची चौकट, वर-खाली ६ मिमी प्लाय, फेविकॉल लावून रात्रभर दाबून ठेवायचं. दर्शनी कडेची सागपट्टी केसभर जाड घ्या, सुकल्यावर रंधा मारून प्लायच्या पातळीत आणा.

खरा भार भिंतीला आधी स्क्रूने बसवलेल्या लाकडी पट्टीवर असतो. खोका मागच्या उघड्या बाजूने तिच्यावर सरकवून वरून स्क्रू मारायचे. हल्लीच्या हलक्या ब्लॉकच्या भिंतीत साधी गिट्टी (स्क्रू धरायला भोकात ठोकतात ती खुंटी) धरत नाही, त्यासाठीचे वेगळे प्लग मिळतात. (माझी पहिली फळी कुंड्यांसकट खाली आली होती!) आणि रुंदी आठ इंचांपुढे नको. फळी जितकी बाहेर, तितके पट्टीचे भिंतीतले वरचे स्क्रू उपटतात.