एकखोली शाळा बंद पडल्या ते चुकलंच!

ओमाहाकर
अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात बीॲट्रिस गावाबाहेर (तिथले लोक जोर 'ॲ'वर देतात) फ्रीमन शाळा आहे. विटांची, एकच खोली. 1872 मध्ये बांधली, 1967 पर्यंत भरत होती. राज्यात इतकी वर्षं सलग चाललेली दुसरी एकखोली शाळा नाही. आता होमस्टेड राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाच्या ताब्यात आहे. मागच्या रविवारी पोरांना घेऊन गेलो होतो.

माझं मत: अशा शाळांना कुलूप लावून प्रेअरीवरची (तिथल्या गवताळ मैदानांवरची) गावं मारली. त्याच खोलीत प्रार्थना, त्याच खोलीत मतदान, सभा. शिकवण्याची रीतही झकास. एक इयत्ता पुढच्या बाकावर बोलवायची, धडा म्हणून घ्यायचा, बाकीचे आपापल्या पाटीवर. मोठ्यांचा धडा धाकट्यांच्या कानावर आपसूक पडायचा. 1785 च्या जमीन कायद्याने प्रत्येक टाउनशिपच्या (मोजणीसाठी आखलेल्या चौकोनी मुलखाच्या) 36 भागांतला 16 वा भाग शाळेसाठी राखून ठेवला होता. आधी शाळा, मग गाव!

निवृत्त_गुरुजी
ओमाहाकर, तुम्ही शाळा रविवारी पाहिलीत. मी अशी शाळा 11 वर्षं रोज सकाळी उघडली आहे, साताऱ्याच्या डोंगरात. चार इयत्ता, मी एकटा. दुसरीला हातच्याची बेरीज समजावेपर्यंत चौथीचा पोरगा खडू कुरतडत बसलेला. मी रजेवर गेलो की शाळा रजेवर.

तिकडे तरी काय वेगळं होतं? कोवळ्या वयाच्या, लग्न न झालेल्या मुली मास्तरीण. राहायचं पालकांच्या घरी आळीपाळीने, स्टोव्ह आपणच पेटवायचा, झाडू आपणच मारायचा. थोरली पोरं शेतीची कामं संपली की हिवाळ्यात उगवणार. 12 जानेवारी 1888 आठवा. सकाळी हवा बरी म्हणून पोरं पातळ कपड्यांत शाळेत आली आणि भरदिवसा हिमवादळ कोसळलं. सुमारे 235 माणसं गेली, त्यात घरी निघालेली शाळकरी पोरं कितीतरी. मिरा व्हॅलीतल्या मिनी फ्रीमन बाईंनी (तुमच्या शाळेशी संबंध नाही, नुसतं नावसाधर्म्य) छप्पर उडाल्यावर मुलांना सुखरूप बाहेर नेलं. त्यांचं कौतुक जरूर करा. पण एकट्या बाईच्या धाडसावर शाळा चालवायची?

वकीलबुवा
'त्याच खोलीत प्रार्थना' हे फार सहज लिहिलंत. तिथेच भांडण झालंय. 1863 च्या 1 जानेवारीला, वस्ती करणाऱ्यांना फुकट सरकारी जमीन देणारा होमस्टेड कायदा लागू झाला त्याच दिवशी, 160 एकरांचा दावा नोंदवणारा डॅनियल फ्रीमन याच परिसरातला. 1899 मध्ये त्याने तक्रार केली की एडिथ बीचर बाई वर्गात बायबल वाचतात, प्रार्थना आणि स्तोत्रं म्हणवून घेतात. शाळा मंडळ बाईंच्या बाजूने. खालच्या कोर्टातही तो हरला. 1902 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. गावची शाळा म्हणजे गावातल्या बहुसंख्यांची शाळा, हे ज्याला बोचलं त्याला कोर्टाची पायरी चढावी लागली.

ओमाहाकर
पण भांडायला मंडळ समोर तर होतं! चार शेतं ओलांडली की मंडळाच्या अध्यक्षाचं घर. आज तक्रार घेऊन कुठे जाणार? 2005 मध्ये नेब्रास्काच्या विधिमंडळाने राज्यपालांचा नकाराधिकार डावलून फक्त प्राथमिक शाळा चालवणारी छोटी डिस्ट्रिक्ट मोडीत काढली (तिथे डिस्ट्रिक्ट म्हणजे बरेचदा एका शाळेपुरता मुलूख, आपला जिल्हा नव्हे). 2006 च्या नोव्हेंबरात लोकांनी मतदान करून कायदाच रद्द केला. तोवर विलीनीकरण उरकलं होतं.

मैना
'आधी शाळा, मग गाव' हे वाचून थांबले. त्याच बिग ब्लू नदीकाठी ओटो-मिझूरिया या मूलनिवासी लोकांची राखीव जमीन होती. 1881 मध्ये त्यांना आजच्या ओक्लाहोमात जावं लागलं. तुमची शाळा तेव्हा नऊ वर्षांची. नेब्रास्कातच जिनोआला 1884 पासून मूलनिवासी मुलांची निवासी शाळा होती, आईबापांपासून दूर, स्वतःची भाषा बोलायला बंदी. ती 50 वर्षं चालली. त्या मुलांच्या आईबापांनी कुठल्या मंडळापुढे उभं राहायचं होतं?

ओमाहाकर
यावर माझ्याकडे उत्तर नाही. ते वाक्य मागे घेतो. पण गुरुजी, तुमची शाळा बंद झाली तेव्हा तुम्हाला बरं वाटलं?

निवृत्त_गुरुजी
पट 6 वर आला होता. कागदावर सही माझीच. पुढची शाळा अडीच किलोमीटरवर, मधे ओढा. त्या पावसाळ्यात दोन मुली शाळेत गेल्याच नाहीत, मी घरी जाऊन आलो तरी. मी दरवर्षी दुसरा शिक्षक मागत होतो. उत्तर एकच, पट वाढवा.

ओमाहाकर
म्हणजे आपण एकाच बाजूला आहोत की!

निवृत्त_गुरुजी
नाही हो. तुम्ही ती खोली एका बाईंवर चालवायला तयार आहात. मी नाही.