मदत हवी आहे : माळरानावर शिकलेली मी, सदाहरित जंगलात नोंदी कशा घेऊ?

नमस्कार मंडळी. मी सोलापूरची, प्राणिशास्त्रात एमएस्सी करतेय. ऑगस्टमध्ये आमचा अभ्यासदौरा कर्नाटकातल्या आगुंबेला चाललाय. माझं फील्डवर्क आजवर सगळं नान्नजच्या माळरानावर झालं. तिथे सरळ रेषेत चालायचं आणि काळविटांचा कळप लांबूनच मोजायचा, अंतराचा अंदाजही बरोबर येतो. त्या दाट झाडीत एवढं लांबचं दिसणारच नाही. मग एका जागी दहा मिनिटं उभं राहून पक्षी आवाजावरून मोजायचे, हे वाचलंय. पण धो धो पावसात ते जमतं का?

दुसरं, झाडांचा घेर. १.३ मीटर उंचीवर टेप लावायची, हे पाठ आहे. बुंध्याला भिंतीसारखी आधारमुळं असतील तर त्यांच्या वर मोजायचं. हात पोचलाच नाही तर तुम्ही काय करता? इथल्या बाभळी-बोरींवर हा प्रश्न कधी आलाच नाही, म्हणून याचं उत्तर अगदी नीट हवंय.

रात्री ओढ्याकाठी बेडूकही पाहायचेत. त्यांची कातडी सगळं शोषून घेते, म्हणून डासांचं मलम लावलेल्या हाताने शिवायचं नाही, असं सरांनी बजावलंय. मग उघड्या हातांचं डासांपासून रक्षण कसं करता?

जळवा पायाला चिकटू नयेत म्हणून घालायचे मोजे इथे मिळेनात. आई घट्ट विणीच्या सुती कापडाचे गुडघ्यापर्यंत शिवून देते म्हणतेय, चालतील का? वहीत पेन्सिलनेच लिहिणार आहे, शाई फुटते. पण कागद ओला झाला की पेन्सिलही फाडते, त्यावर काही उपाय?