मदत हवी आहे: अर्ल्स बार्टनच्या मनोऱ्यावरच्या दगडी पट्ट्या भिंतीत किती खोल जातात?

इंग्लंडमध्ये नॉर्थॅम्प्टनशायरमधल्या अर्ल्स बार्टन गावच्या ऑल सेंट्स चर्चचा मनोरा १०व्या शतकाच्या उत्तरार्धातला, सॅक्सन काळातला आहे. माथ्यावरचा कंगोऱ्यांचा कठडा मात्र बराच नंतरचा. भिंत ओबडधोबड दगडांची, वरून गिलावा. तिच्यावर चपट्या दगडी पट्ट्या उभ्या चढतात, त्यांच्या अर्धगोल कमानी आणि त्रिकोण होतात. कोपऱ्यांना एक उभा लांब दगड, त्यावर एक आडवा, अशी आळीपाळीची रचना आहे. आडवा दगड भिंतीत घुसून कोपरा बांधून धरतो, त्यामुळे तिथे शंका नाही. प्रश्न मधल्या पट्ट्यांचा आहे.

लाकडी सांगाड्याची नक्कल म्हणून त्या निव्वळ शोभेच्या आहेत, असं एक मत. भिंतीला ताठपणा देतात, असं दुसरं. मला दुसरं पटतं, पण पुरावा हवा. इंग्लंडमधल्याच बार्टन-अपॉन-हंबर गावच्या सेंट पीटर्स चर्चच्या मनोऱ्याशी तुलना करून झाली: तिथेही खाली अर्धगोल कमानी, वर त्रिकोण. नक्षीचं साम्य कळलं, खोली नाही. तिरप्या उन्हातले फोटो आणि दुर्बीणही झाली. गिलाव्यामुळे सांधे नेमके जिथे हवेत तिथेच झाकले जातात.

परवानगीशिवाय गिलाव्याला हात लावता येत नाही, परांचीही नाही. जमिनीवरून आणि मनोऱ्याच्या आतून जेवढं दिसेल तेवढंच.

अशा वेळी पट्टीतला आडवा दगड खरोखर भिंतीत शिरलाय की नुसता चुन्यात चिकटवलाय, हे बाहेरून कोणत्या खुणेवरून ओळखायचं?