फिरणारा कॅमेरा चोवीस तास फिरवत ठेवायचा की नाही?

टॉवेलवाला
सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आपलं टॉवेलचं युनिट आहे. गेटवर आणि गोडाऊनला वायफायचे फिरणारे कॅमेरे लावलेत, कंपनीचं नाव घेत नाही. बसवणाऱ्या पोरानं जाताना पेट्रोलिंग, म्हणजे आपोआप फिरत राहायचं सेटिंग, चालू करून दिलं, तेव्हापासून दिवसरात्र डावीकडून उजवीकडं नुसता फिरायलाय. आता गेटचा कॅमेरा वळताना कटकट वाजतो आणि गेटचं प्रीसेट, म्हणजे आधी ठरवून ठेवलेली जागा, दाबलं की शेजारच्या भिंतीवर जाऊन थांबतो. दुकानदाराला विचारलं तर म्हणे, फिरायलाच बनवलाय की ओ. माझं मत उलटं आहे. ही असली मोटर लागेल तेव्हा वळवायला दिलेली असते, सतत फिरवायला नाही, आणि पेट्रोलिंगचं बटण देऊन कंपन्या गिऱ्हाईकाला फसवतात. बोला.

नवीपेठ_सीसीटीव्ही
मी हेच काम करतो म्हणून सांगतो, मोटरला उगाच बदनाम करू नका. आत स्टेपर मोटर असते, म्हणजे एकेक स्टेप टाकत वळणारी, तिला कार्बन ब्रश नसतात, त्यामुळं घासून जळायचा प्रश्नच नाही. झिजतो तो गियर. प्लॅस्टिकचा गियर असला तर झिजणारच, यात फिरवण्याचा काय दोष? चांगला घ्या ना. दोन हजाराच्या कॅमेऱ्याकडून वीस हजाराची अपेक्षा धरायची आणि वर कंपनीला शिव्या.

सातरस्ता
@नवीपेठ गियर झिजला काय आणि मोटर गेली काय, गिऱ्हाईकाचा कॅमेरा मेलाच की. जरा हिशोब करा. एक फेरी मिनिटाची धरली तर दिवसाला १४४० फेऱ्या, वर्षाला सव्वापाच लाख. फेरी म्हणजे जाऊन परत, म्हणजे दिशा बदलताना दातावर उलटा झटका दोनदा. घरी कोणी हातानं ॲपवर फिरवलं तर दिवसाला दहा-वीस वेळा वळेल. दोन्हीचं आयुष्य सारखं कसं असेल? डेटाशीटमध्ये पॅन, म्हणजे आडवं वळणं, किती डिग्री, स्पीड किती सगळं लिहितात, पण किती फेऱ्या टिकेल हे या स्वस्तातल्या डब्यावर मला तरी कधी दिसलं नाही.

होटगीरोडकर
गियरच्या आधी वायर जाते हे कोणी बोलेना. हे कॅमेरे ३५५ डिग्रीपर्यंतच फिरतात, पूर्ण गोल नाही, कारण मानेतून वायर गेलेली असते आणि ती प्रत्येक वळणाला पिळवटते. चित्र एका ठरावीक कोनातच गायब होतंय आणि पुढं सरकवलं की परत येतंय, तर समजा वायर आतून तुटत आलीय. मोठ्या स्पीड डोमला, म्हणजे घुमटातल्या वेगानं फिरणाऱ्या महागड्या कॅमेऱ्याला, वायरऐवजी स्लिप रिंग हा फिरता जोड असतो, तो कितीही गोल फिरू दे, वायर पिळत नाही. पण तिथंही रिंगवर ब्रश घासतो, तोही कधीतरी संपतो. अमर काहीच नाही.

टॉवेलवाला
@होटगीरोडकर आमचं चित्र जात नाही, नुसतं प्रीसेट सरकतंय.

होटगीरोडकर
मग स्टेप चुकतायत. स्वस्त कॅमेऱ्यात मान कुठं आहे हे बघायला सेन्सर नसतो, तो नुसत्या स्टेप मोजत बसतो. कुठं अडकला तरी त्याच्या हिशोबानं तो पोचलेला असतो. बंद करून चालू करा, तो दोन्ही टोकांना जाऊन स्वतःला जुळवून घेईल. त्यानंतर प्रीसेट बरोबर आलं आणि काही तासांनी परत सरकलं तर ग्रीस घट्ट झालंय नाहीतर दात घसरतोय. कटकट रोज त्याच कोनात येत असेल तर दातच तुटलाय, उघडून बघा. तुमच्याकडं मागाची बारीक तुसं उडतात, ती ग्रीसला चिकटून काळी मळी होते. त्यात आपला उन्हाळा, बाहेर ४३ डिग्री असताना पत्र्याखालच्या डब्यात किती होत असेल विचार करा.

जुळेसोलापूर_सेक्रेटरी
आमच्या सोसायटीत या विषयावर मीटिंगमध्ये भांडणं झाली, शेवटी फिरणारे काढून फिक्स लावले. फिरणारा उजवीकडं बघतोय तेव्हा डावीकडं काय झालं याचं रेकॉर्डिंगच नसतं! पार्किंगमधली गाडी कोणी घासली हे बघायला गेलो तर साहेब तेव्हा पाण्याच्या टाकीकडं बघत होते. फिक्सला हलणारा भाग म्हणजे आतला तो दिवस-रात्रीचा फिल्टर, संध्याकाळी टक् वाजतो तेवढाच. एका फिरणाऱ्याच्या जागी दोन फिक्स लावा, विषय संपला.

नवीपेठ_सीसीटीव्ही
विषय कसा संपला? दोन फिक्सना दोन वायरी, दोन पोर्ट, मजुरी डबल. आणि झूमचं काय? गड्ड्याच्या यात्रेला होम मैदानावर केवढी गर्दी असते, तिथं फिक्स लावून लांबचा चेहरा दिसेल का? फिरणारा लागतोच.

सातरस्ता
अहो पण तसल्या ठिकाणी मॉनिटरसमोर माणूस बसतो, पाहिजे तिकडं वळवतो, झूम करतो. तो कॅमेरा वापरतो. आपल्या गोडाऊनचा मात्र रात्री कोणी बघत नसताना टेबलफॅनसारखा मान हलवत बसतो. झिजायलाच ठेवलाय. आणि लाईट गेली-आली की चालू होताना परत दोन्ही टोकं गाठून येतो तो वेगळाच. एमआयडीसीत असाल तर आधी त्याला इन्व्हर्टरवर घ्या.

टॉवेलवाला
पेट्रोलिंग बंद करून गेटवरच उभा केलाय आता. ट्रॅकिंग चालू ठेवू का, माणूस आला की मागं फिरेल?

होटगीरोडकर
गेटवर ठेवू नका. ट्रक, कुत्री, लिंबाची फांदी, सगळ्यामागं पळतो आणि पेट्रोलिंगपेक्षा जास्त झटके खातो. ठेवायचंच असेल तर फक्त माणूस ओळखायचं सेटिंग बघा, सेन्सिटिव्हिटी खाली आणा. आणि मान हातानं वळवू नका हो, पुसायला चढणारा पोरगा हमखास तेच करतो.

नवीपेठ_सीसीटीव्ही
ट्रॅकिंग बंद, पेट्रोलिंग बंद, मग फिरणारा घेतला कशाला बे? गियर बदलून मिळतो, घेऊन या दुकानात, बघतो.